दंडातली सुई आणि पोटातली आईची किडनी

मे महिन्याच्या शेवटी दादाने औषधाच्या दुकानातून फ्लूची लस आणली. थर्माकोलचा छोटा डबा, आत बर्फाचे दोन पॅक, त्यांच्यामध्ये कागदी खोक्यात बोटाएवढी भरलेली सिरिंज. ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवली गेली आणि तीन दिवस तिथेच राहिली. चौथ्या दिवशी वहिनीचा फोन आला. "तूच सांग गं यांना. रोज उद्या, उद्या चाललंय."

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "अगं, लस म्हणजे प्रतिकारशक्तीला जागं करायचं. आणि मी चार वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळ्या कशासाठी खातोय? तिला झोपवायला. ती जागी झाली आणि आईच्या किडनीवर धावून गेली तर?"

दादाच्या पोटात उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या खळग्यात ट्रान्सप्लांट करून बसवलेली आमच्या आईची किडनी आहे. त्याच्या स्वतःच्या दोन्ही आकसून गेल्या आहेत, त्या आपापल्या जागी तशाच आहेत. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पंधरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. मग शनिवारी सांगलीला गेले आणि त्याच्यासमोर बसून जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण हाच प्रश्न मनात ठेवून लस टाळणारी माणसं मी त्याच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर पाहिली आहेत. माझं काम शिकवण्याचं, उपचारांचं नाही. कोणती लस कधी घ्यायची हे तुमचे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टरच, ठरवतील.

आपलं कोण, परकं कोण

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर काही खास प्रथिनं असतात. त्यांना एचएलए म्हणतात. घराच्या दारावरच्या पाटीसारखी ती असतात. पांढऱ्या पेशी गस्त घालताना ही पाटी वाचतात. ओळखीची असेल तर पुढे जातात, अनोळखी असेल तर हल्ला करतात. पाट्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. आईजवळ स्वतःचे दोन संच होते, त्यातला एकच दादाला मिळाला. म्हणून आईच्या किडनीवरच्या निम्म्या पाट्या दादाच्या शरीराला घरच्या वाटतात आणि निम्म्या परक्या. आईची असली तरी निम्मी परकीच, हे ऐकून आई थोडी हिरमुसली होती.

जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलं. ते टिकलं, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. सगळ्याच पाट्या सारख्या, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता.

दादाच्या भीतीचं मूळ मात्र त्याच्याही आधीच्या एका गोष्टीत आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना ग्लासगोच्या रुग्णालयात भाजलेल्या एका तरुणीवर तिच्या भावाची त्वचा लावली होती. पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन हे दोघं त्या त्वचेचं काय होतं ते बारकाईने पाहत होते. पहिल्या खेपेचे तुकडे काही दिवस जगले आणि मग गळून पडले. दुसऱ्या खेपेला त्याच भावाची त्वचा लावली तेव्हा ती फारच लवकर गेली. १९४३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शरीर परक्याला नुसतं हाकलत नाही, त्याचा चेहरा लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी जास्त त्वेषाने हाकलतं, असा त्याचा अर्थ होता. मेडावर यांना पुढे १९६० मध्ये नोबेल मिळालं.

आता लस कशी काम करते ते आठवा. रोगजंतूचा निरुपद्रवी तुकडा दाखवायचा, शरीराने तो लक्षात ठेवायचा, खरा जंतू आला की त्वेषाने हाकलायचा. म्हणजे किडनी नाकारणारी यंत्रणा आणि लसीचा फायदा करून देणारी यंत्रणा एकच आहे. दादाचा प्रश्न म्हणूनच वेडगळ नाही. डॉक्टरांनाही तो पडला होता आणि त्यांनी तो अनेक वर्षं तपासून पाहिला आहे.

भीती दोन प्रकारची

पहिली भीती सुक्याबरोबर ओलंही जळण्याची. लस दंडात टोचली की तिथे आणि काखेतल्या गाठीत धावपळ सुरू होते, संदेश देणारी रसायनं सुटतात. काही लसींमध्ये मुद्दाम एक चेतवणारा घटक घातलेला असतो, कारण त्याशिवाय शरीर नुसत्या तुकड्याकडे लक्ष देत नाही. या गडबडीत किडनीच्या परक्या पाट्या वाचणाऱ्या, पण गोळ्यांमुळे पेंगत पडलेल्या पेशीही जाग्या झाल्या तर?

दुसरी भीती चेहऱ्याच्या गल्लतीची. एखाद्या विषाणूचा तुकडा आणि परक्या माणसाची पाटी यांत थोडं साम्य असू शकतं. नागीण या आजाराच्या विषाणूच्याच कुळातल्या एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूशी लढायला शिकलेल्या काही पेशी एका विशिष्ट परक्या एचएलए पाटीवरही धावून जातात, हे प्रयोगशाळेत स्पष्ट दिसलेलं आहे. विषाणू शिकवून गेला एक, पेशींनी ओळखलं दुसऱ्यालाच.

दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. पण त्या नीट पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते, आणि माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. ही दोन्ही संकटं खऱ्या आजारात कितीतरी पटींनी मोठी असतात. लसीत जंतूचा एखादा तुकडा असतो, ठरावीक मात्रेत, दंडातल्या एका जागी, दोन-तीन दिवसांची गडबड. खऱ्या फ्लूत विषाणू लाखोंनी वाढतो, ताप अंगभर फिरतो, आठवडाभर सगळी यंत्रणा पेटलेली असते. चेतवण्याचीच भीती असेल तर ती आधी आजाराची वाटायला हवी.

शिवाय पेशी सरसकट जाग्या होत नाहीत. गल्लतीचे अपवाद सोडले तर प्रत्येक पेशीला एकच कुलूप उघडता येतं. फ्लूच्या तुकड्याने फ्लूच्या कुलपाच्या पेशी वाढतात. आईच्या पाट्यांचं कुलूप उघडणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्यांच्यावर गोळ्यांचा पहारा बसलेला आहे.

तो पहारा कसा आहे तेही सांगते. दादाच्या डब्यात तीन गोळ्या असतात. बहुतेक ट्रान्सप्लांटवाल्यांच्या डब्यात ह्याच असतात. टॅक्रोलिमस पेशीतली घंटाच वाजू देत नाही. पेशीने परका पाहिला तरी बाकीच्यांना हाक जात नाही. (हे औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. मातीने इतकी माणसं वाचवली, हे मला वर्गात सांगताना दर वेळी भरून येतं.) मायकोफिनोलेट पेशींची संख्या वाढू देत नाही. आणि प्रेडनिसोलोन, म्हणजे आपण ज्याला नुसतं स्टिरॉइड म्हणतो, ते एकूण आग मंद ठेवतं. लस टोचली म्हणून हा पहारा उठत नाही. गोळ्या चालूच असतात.

पहारा किती कडक आहे हे कोविडच्या लसीने दाखवून दिलं. अमेरिकेत २०२१ मध्ये अवयव बदललेल्या ४३६ जणांचं रक्त एमआरएनए लसीच्या पहिल्या डोसनंतर तपासलं तेव्हा फक्त १७ टक्क्यांमध्ये प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, सापडली. दुसऱ्या डोसनंतर ६५८ जणांमध्ये हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. निरोगी माणसांत ती जवळपास सगळ्यांमध्ये तयार होत होती. मी दादाला म्हटलं, "जी लस तुझ्यात स्वतःच्या कामाच्या अँटीबॉडीसुद्धा मुश्किलीने तयार करते, ती आईच्या किडनीवर फौज कशी नेणार?" हा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पुरावा पुढे आहे.

पडताळून काय दिसलं

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपमध्ये चेतवणारा घटक घातलेल्या लसी मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या. त्या वेळी जिनिव्हातल्या डॉक्टरांना लसीनंतर काही किडनीग्राहकांच्या, म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवलेल्यांच्या, रक्तात एचएलएविरुद्ध नव्या अँटीबॉडी दिसल्या. ही बातमी खरी आहे आणि भीतीला तिच्यामुळे बळ मिळालं असावं. पण रक्तात बारीकसा अंश दिसणं वेगळं आणि किडनी धोक्यात येणं वेगळं. तपासणी इतकी संवेदनशील झाली आहे की येऊन जाणाऱ्या, डोनरशी संबंध नसलेल्या अँटीबॉडीही तिला दिसतात.

मग तुलना करून पाहिलं गेलं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ९० अभ्यास एकत्र करून चाळले गेले. त्यांत लस घेतलेले, निरनिराळे अवयव बदललेले १५ हजारांहून जास्त रुग्ण होते. लसीमुळे रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, वाढल्याचं दिसलं नाही. पुढे स्वित्झर्लंड आणि स्पेनमध्ये ६१९ अवयवग्राहकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: एका गटाला साधी फ्लूची लस, दुसऱ्याला चेतवणारा घटक असलेली, तिसऱ्याला जास्त मात्रेची. जोरकस लसींनी अँटीबॉडी जास्त तयार झाल्या. रिजेक्शन वाढलं नाही. मला ही चाचणी सगळ्यात समाधानकारक वाटते, कारण ती थेट पहिल्या भीतीलाच हात घालते.

नागिणीची लस तर या बाबतीत कसोटीच होती. नागीण कमरेभोवती फिरून तोंड-शेपूट एकत्र आली की माणूस जातो, असं आजी सांगायची. तसं होत नाही, पण गोळ्या खाणाऱ्यांना नागीण जास्त वेळा होते आणि तिच्या कळा महिनोन्‌महिने राहतात. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते. तिच्यातला चेतवणारा घटक बराच जोरकस आहे. त्यातलं एक द्रव्य दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्याला ज्या जातीच्या द्रव्यामुळे फेस येतो, त्याच जातीचं ते द्रव्य. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या २६४ जणांवर तिची चाचणी झाली. निम्म्यांना लस, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. लस घेतलेल्यांत चौघांना रिजेक्शन झालं, न घेतलेल्यांत सात जणांना. हे आकडे इतके लहान आहेत की लस किडनी वाचवते असा अर्थ काढू नये. पण लसीने रिजेक्शन वाढत असतं तर आकडे उलटे दिसले असते.

कोविडच्या लसीनंतर रिजेक्शन झाल्याच्या काही रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. त्या खोट्या नाहीत. मात्र इथे एक साधा हिशेब करावा लागतो. आजच्या औषधांवर पहिल्या वर्षात साधारण दहातल्या एकाला रिजेक्शनचा झटका येतो असं धरा. म्हणजे पहिल्या वर्षातल्या हजार जणांमागे वर्षाला शंभर, महिन्याला आठ-नऊ. या हजारांना एकाच दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी पुढच्या महिन्यात आठ-नऊ जणांना रिजेक्शन होणारच, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटणार की त्या सुईनेच झालं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. कावळ्याने फांदी मोडली का हे ठरवायचं तर कावळा न बसलेल्या फांद्याही मोजाव्या लागतात. टोरंटोत तसं मोजलं. १२० अवयवग्राहकांना एमआरएनए लसीचा तिसरा डोस किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. ठरवलेल्या पातळीपर्यंत अँटीबॉडी गेलेल्यांचं प्रमाण लसीच्या गटात ५५ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. रिजेक्शन एकालाही झालं नाही. संख्या लहान आहे, पण तुलना चोख आहे.

उलट बाजूही पाहू. अमेरिकेत २००० ते २००६ या काळात पहिलं किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या ५१,७३० जणांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या वर्षात फ्लूची लस घेतलेल्यांमध्ये किडनी गमावण्याचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी कमी होता, मृत्यूचा सुमारे १८ टक्क्यांनी. लस आठवणीने घेणारा माणूस गोळ्याही आठवणीनेच घेतो, त्यामुळे हे सगळं श्रेय लसीला देता येणार नाही. तरी लसीने किडनी जाते असं म्हणणाऱ्यांना या नोंदींत आधार मिळत नाही.

किडनी खरोखर कशाने जाते

दादाचे डॉक्टर एकदा म्हणाले होते, "इन्फेक्शन आलं की माझे दोन्ही हात बांधले जातात." तेव्हा मला कळलं नव्हतं. फुप्फुसात जोराचा संसर्ग झाला, रुग्ण ॲडमिट झाला, तर जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना मायकोफिनोलेट कमी करावं किंवा थांबवावं लागतं. म्हणजे पहारा स्वतःच्या हाताने उठवायचा, आणि तोही यंत्रणा पेटलेली असताना. त्यात उलट्या झाल्या तर गोळ्या पोटात राहत नाहीत. जुलाब झाले तर टॅकची लेव्हल, म्हणजे टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, वाढते आणि वाढलेलं टॅक्रोलिमस स्वतःच किडनीला त्रास देतं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक लेव्हल चढवतं, टीबीचं रिफॅम्पिसिन ती पाडतं. रिजेक्शनला दार उघडतं ते असं. कोविडच्या सुरुवातीच्या काळात भारतातल्या अनेक केंद्रांनी मिळून २५० किडनीग्राहकांची माहिती गोळा केली. त्यांच्यापैकी ११.६ टक्के दगावले.

दुसरं कारण बोलायला अवघड आहे, कारण ते आपल्याच हातातलं आहे. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ३१५ रुग्णांच्या बायोप्सींचा (किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासण्यांचा) पाठपुरावा करून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रिजेक्शनमुळे ज्या ३६ किडन्या गेल्या, त्यातल्या १७ जणांच्या कागदांवर डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं होतं की गोळ्या नियमित घेत नाहीत. गोळी चुकण्याचा प्रकार आमच्याकडेही एकदा घडला. मावसभावाच्या लग्नाला जाताना गोळ्यांचा डबा घरच्या ओट्यावर राहिला आणि रात्रीचा डोस गेला. त्या रात्री दादा घाबरला नाही. "एकच तर डोस," म्हणाला. लसीला मात्र तो चार दिवस घाबरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि मी त्याला ते तसंच सांगितलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीच्या डिकीत गोळ्यांची एक जादा पट्टी ठेवली गेल्याचं वहिनीने मला कळवलं. (गाडीत नको, उन्हात तापते, बॅगेत ठेव, असं मी परत कळवलं.)

इथे एक गोष्ट ठासून सांगते. "गोळ्यांमुळे लस लागू पडत नाही" असं ऐकून काही जण लसीच्या आठवड्यात मायकोफिनोलेट आपल्या मनाने कमी करतात. कृपा करून हे करू नका. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे करूनही पाहिलं. कोविड लसीच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा गोळी थांबवली. अँटीबॉडीत काही फायदा झाला नाही.

"लस चालत नाही" हे आलं कुठून

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात दादाला सरळ सांगितलं गेलं होतं, "किडनीवाल्यांना लस देत नाहीत." हे अर्धवट ऐकलेलं सत्य आहे. काही लसी खरंच चालत नाहीत, पण त्याचं कारण रिजेक्शन नाही. त्या लसींत जंतू जिवंत असतो, फक्त अशक्त केलेला. निरोगी माणूस त्याला सहज आवरतो. ज्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबली आहे त्याच्या अंगात तोच जंतू वाढून आजार करू शकतो.

गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, कांजिण्यांची, पीतज्वराची, टीबीची बीसीजी, तोंडावाटे देण्याचे पोलिओचे थेंब, नागिणीची जुनी लस आणि नाकात फवारायची फ्लूची लस या सगळ्या जिवंत जातीतल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकातली लस आणली होती, तीही याच जातीची. म्हणून फ्लूची लस घेताना "इंजेक्शनवाली द्या" असं स्पष्ट सांगावं. ट्रान्सप्लांटची तयारी चालू असेल तर लागणाऱ्या जिवंत लसी ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी उरकून घेतात. नंतर ती संधी राहत नाही.

बाकीच्या, म्हणजे मृत जंतूच्या किंवा नुसत्या तुकड्याच्या लसी चालतात: इंजेक्शनवाली फ्लूची, न्यूमोनियाची, हिपॅटायटिस बीची, धनुर्वाताची, नवी नागिणीची. आणि रेबीजची. कुत्रा चावला आणि किडनीच्या भीतीने इंजेक्शन टाळलं, असा विचारही मनात येऊ देऊ नका. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. उलट गोळ्या खाणाऱ्यांना जास्तच काळजी घ्यावी लागते. इतरांना ज्या किरकोळ ओरखड्यासाठी नुसती लस पुरते, तिथे यांना जखमेत भरायचं सिरमही (तयार अँटीबॉडी) द्यावं लागतं. जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. "माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय" हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा.

वेळेचं गणित फारसं अवघड नाही. ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने गोळ्यांची मात्रा सगळ्यात जास्त असते, लस टोचली तरी ती लागू पडत नाही. म्हणून बहुतेक लसी तीन ते सहा महिने थांबून देतात. फ्लूची हंगामानुसार महिनाभरानंतरही देता येते. रिजेक्शनवर नुकतेच जोरकस उपचार झाले असतील तरीही थांबावं लागतं, कारण तेच: लस वाया जाते. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसवर असतानाच दुप्पट मात्रेत चार वेळा देतात. ती फाइल जपून ठेवा. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, एक छोटी लाट थंडीतही येते. म्हणून एप्रिल-मे. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला, तेव्हा बाहेर पाऊसच होता.

सुईच्या दिवशी

रविवारी सकाळी आम्ही ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. दादाच्या डाव्या मनगटाजवळ डायलिसिसच्या वेळचा फिस्टुला, म्हणजे ऑपरेशनने केलेला धमनी आणि शिरेचा जोड, आहे. बोट ठेवलं तर अजूनही मांजर गुरगुरल्यासारखा थरथरतो. त्या हातात सुई नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टाही नाही. म्हणून उजवा दंड. नर्सने विचारायच्या आधीच त्याने उजवी बाही वर केली.

संध्याकाळी दंड दुखायला लागला. वहिनीने सवयीने कपाटातली डायक्लोफिनॅकची पट्टी काढली, तीच, जी घरात सगळे कंबरदुखीला घेतात. मी तिच्या हातातून काढून घेतली. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असली वेदनाशामकं टॅक्रोलिमसच्या जोडीने किडनीचा रक्तपुरवठा आवळतात. लसीने न होणारं नुकसान लसीच्या दुखण्यावरची गोळी करून जाईल. दंड दुखला, थोडा ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, आणि थंड पाण्याची घडी.

लसीचा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. त्यापुढे राहिला, लघवी कमी झाली, पायावर सूज आली, एकदम वजन वाढलं, बीपी चढलं किंवा किडनीच्या जागी दुखायला लागलं, तर लसीचाच ताप म्हणून घरी थांबायचं नाही. रिजेक्शन बरेचदा काहीच न जाणवता येतं आणि फक्त क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारं द्रव्य) वाढतं, म्हणून ठरलेल्या तारखेची रक्ततपासणी चुकवायची नाही. टॅकच्या लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधीच द्यायचं असतं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येतो आणि मात्रा उगाच कमी केली जाते. दादाची तपासणी पुढच्या आठवड्यातच होती. क्रिएटिनिन १.३, मागच्या वेळी होतं तेवढंच.

दादाला लस पुरती लागू पडेलच याची खात्री नाही, म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही ती घ्यायची असते. वहिनीने घेतली, पुतण्याने घेतली, मीही घेतली. घरात बाळ असेल तर त्याच्या रोटाव्हायरसच्या थेंबांनंतर लंगोट दुसऱ्या कुणी बदलावेत. पोलिओच्या थेंबांबद्दल मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

आई शेवटी उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची आहे, सुईला अजून घाबरते. डॉक्टरांनी तिच्या फाइलवर एक किडनी दिल्याची नोंद वाचली आणि विचारलं, "आजी, बीपी वगैरे ठीक ना?" ती म्हणाली, "माझं ठीक आहे. त्याची कशी आहे ते बघा." आणि पदर सावरून दंड पुढे केला.